छत्तिसातली एक चकती

माझ्या नाकावर राग असतो, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे आणि कधी नाकारलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या बेटावरच्या बो बासें शहरात एका सरकारी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा त्या रागाला कामच मिळालं. तिथल्या तांत्रिक माणसांत मी एकटी बाई. त्यातून कांप दे मास्क या खेड्यातल्या भाजीवाल्याची मुलगी, आणि भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आलेली. पहिल्याच आठवड्यात एकाने मला चहा ठेवायला सांगितलं. मी किटली उचलून त्याच्याच टेबलावर ठेवली आणि म्हटलं, पाणी तुम्ही भरा, ते किती वेळात उकळेल त्याचं गणित मी करून देते. पुन्हा कोणी माझ्या वाटेला गेलं नाही.

आमच्या वरिष्ठांना सगळे नुसतं ‘मिस्ये’, म्हणजे साहेब, म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. माणूस वाईट नव्हता, पण दिलेल्या शब्दाहून हातातल्या कागदावर त्याचा विश्वास जास्त. त्याच्याकडे उजेडावर चालणारा एक छोटा कॅल्क्युलेटर होता. त्याच्या वरच्या तपकिरी पट्टीवर अंगठा ठेवून तो आकडे गायब करून दाखवी, आणि कारकून मंडळी दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं हसत. मला मात्र ती पट्टी बघून झोंबायचं. वाटायचं, एवढी मोठी विद्या, आणि तिचा उपयोग काय तर बेरजा.

मग एक दिवस परदेशातून लाकडी पेटी आली. आत सूर्याच्या उजेडावर वीज करणारी पॅनेलं होती, तीन जातींची. ती कुठेतरी बसवून वर्षभर नोंदी ठेवायच्या होत्या, आणि सोबत एक लहान पंप होता, तो त्या विजेवर चालवून पाहायचा होता. मिस्येंच्या मनात समुद्रकाठचं एक हॉटेल होतं. तिथल्या बागेत कारंजं उडवायचं म्हणे. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, कारंज्याचं पाणी उडतं आणि परत खाली पडतं, त्यात नोंदवायचं काय? मला एक शेत माहीत आहे.

ते शेत माझ्या बापाचं होतं. माझ्या पणज्याला कोकणातून या बेटावर उसाच्या मजुरीसाठी आणलं होतं. त्याने आणि त्याच्या मुलाने आयुष्यभर दुसऱ्याचा ऊस तोडला, आणि शेवटी ओढ्याच्या वरच्या अंगाला जमिनीचा एक तुकडा आपला म्हणून घेतला. आज्याने तेव्हा सांगितलं होतं की या मातीत ऊस लागणार नाही, इथे आपल्या पोटाचं पिकेल. माझ्या बाने ते पाळलं. वांगी, कोबी, मिरच्या आणि ज्याला आम्ही सगळे पोम दामूर म्हणतो ते टोमॅटो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन तो ओढ्यावरून चढ चढायचा. त्या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मना केलं. मी एकुलती एक, आणि मी शहरात नोकरीला.

बाने शेजारच्या उसवाल्याशी बोलणं करून ठेवलं होतं: पाण्याची सोय झाली नाही तर दसरा झाल्यावर त्या जमिनीत ऊस लावायचा. उसाला रोज झारी लागत नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. तीन पिढ्या ज्या उसापासून ती जमीन जपली, तो ऊस आता त्याच्याच हाताने आत येणार होता.

मिस्येंनी होकार दिला, पण अट घातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः दोन अधिकाऱ्यांना घेऊन येणार. सकाळी नऊला पंप सुरू करायचा. दुपारी तीनपर्यंत शेतातली टाकी भरली तर संच गावात राहील. नाही भरली तर हॉटेल.

मी कामाला लागले. पहिलं भांडण नकाशावरून. पुस्तिका युरोपातली, तिच्यात लिहिलेलं की पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून बसवा, आणि आमच्या नकाशे काढणाऱ्याने तशीच काढली. मी त्याला खिडकीशी नेलं आणि विचारलं, दुपारी सूर्य कुठे असतो? तो म्हणाला, डोक्यावर. म्हटलं, डोक्यावर, पण वर्षाचा बराच काळ उत्तरेला कललेला, कारण आपण विषुववृत्ताच्या खाली राहतो, पुस्तिका लिहिणारा वर राहतो. त्याने मुकाट्याने नकाशा उलटा केला. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

पंपाच्या खोपटाच्या पत्र्यावर उत्तरेकडे थोडा उतार देऊन आम्ही पॅनेलं चढवली. पंपाला जोडली ती दोन एकसारखी, काळसर गोल चकत्यांची. बाकीच्या दोन जाती बाजूला, फक्त मोजण्यासाठी. त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाने व्हरांड्यात बसून विचारलं, “बाय, ही काळी ताटं पानी कशी काय वर आननार?”

मी सांगितलं. ही चकती मुळात वाळू. वाळूतून सिलिकॉन काढायचं, ते शुद्ध करत करत इतकं शुद्ध करायचं की त्यात दुसरं काही म्हणून उरत नाही, आणि मग मुद्दाम चिमूटभर भेसळ करायची. वरच्या पापुद्र्यात फॉस्फरसची, त्याने तिथे इलेक्ट्रॉन जास्तीचे होतात. खालच्या भागात बोरॉनची, त्याने तिथे इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात. दोन्ही जिथे भेटतात तिथे एक बांध आपोआप पडतो, आणि तो बांध एकाच बाजूला ढकलतो. उजेड आत शिरला की इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो. बांध त्याला वर ढकलतो, वरच्या चांदीच्या बारीक रेघा त्याला गोळा करतात, तारेने तो पंपाकडे जातो, तिथे काम करतो आणि मागच्या बाजूने चकतीत परत येतो. काही जळत नाही, काही झिजत नाही.

“म्हंजे ऊन जास्त तापलं की पानी जास्त,” बा म्हणाला.

“नाही बा. उजेड हवा, ताप नको. चकती तापली की उलट तिचा जोर कमी होतो.”

“मग ती माज्यासारकीच हाय,” तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

तीन जाती त्याला माझ्यापेक्षा चांगल्या कळल्या. मी सांगत गेले. गोल चकत्यांचं सिलिकॉन वितळलेल्या रसातून हळूहळू वर ओढून एकाच स्फटिकाचा जाड दांडा करतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. हे महाग, पण सगळ्यांत जास्त वीज देणारं. दुसरी जात निळी, चौकोनी. ती साच्यात ओतून थंड करतात, म्हणून तिच्यात अनेक स्फटिक एकमेकांना चिकटलेले दिसतात. ती बनवायला सोपी, पण वीज थोडी कमी. तिसरी तपकिरी, मिस्येंच्या कॅल्क्युलेटरसारखी. तिच्यात स्फटिक नाहीच. काचेवर सिलिकॉनचा पातळ थर बसवलेला, त्यातले अणू कसेही पडलेले. सगळ्यांत स्वस्त, वीज सगळ्यांत कमी, नवी असताना उन्हात आणखी उतरणारी, पण मंद उजेडातही काम करणारी. बाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पयली म्हंजे दोरी लावून सरळ ओळीत लावलेलं शेत. दुसरी म्हंजे धा जनांचे तुकडे, मधी बांध, जाता-येता अडखळायचं. तिसरी म्हंजे मूठ भरून फेकलेलं बी.” परीक्षेत मी दोन पानं लिहून जे सांगितलं होतं ते याने तीन वाक्यांत सांगितलं. मला रडू आलं, पण मी पंख्याने वारा घेत बसले.

आये स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. तिने विचारलं, “एका ताटात छत्तीस चकत्या कशाला? एक मोठी का न्हाय?”

एका चकतीतून अर्ध्या व्होल्टच्या आसपासच दाब मिळतो, मग ती लहान असो की मोठी. म्हणून छत्तीस जोडायच्या. हे मी तिला कसं सांगितलं? बसची वेळ झाली होती, चपला पायात होत्या. मी म्हटलं, “अगं, छत्तीस जणांची टोळी आहे. उसात नसते का? एकेकाचा जोर थोडा, सगळे मिळून पंप फिरवतात.”

“आनी एकादा नसला तर?”

“तर काय, पस्तीस आहेत की.” आणि मी बस पकडायला पळाले.

दसऱ्याला आमच्या घरात हत्यारं पुजायची रीत आहे. विळे, कुदळी, औषध फवारायचा पंप, बाची सायकल, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, गंधफूल वाहायचं. आणि त्या दिवशी पुजलेल्या कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. मला त्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी गावात उतरले तेव्हा आकाश स्वच्छ होतं, आणि मी मनातल्या मनात टाकी भरूनही टाकली होती.

नऊला मिस्ये आले, दोन अधिकारी आले, अर्धं गाव आलं. शेजारचा उसवालाही हाताची घडी घालून उभा राहिला. मी बटण दाबलं. पंप हलला नाही.

मी पुन्हा दाबलं. काही नाही. पंपाची तार सोडवून व्होल्टमीटर लावला, तर काटा जिथे असायला हवा जवळजवळ तिथेच. म्हणजे पॅनेलं ठीक आहेत, दोष पंपात. मी पंप उघडला. आतल्या कार्बनच्या कांड्या तपासल्या, तारा तपासल्या, नळीत पाणी भरून पाहिलं, पुन्हा जोडला. दहा वाजले, अकरा वाजले. माझ्या पदराला ग्रीस, केसांना घाम. मिस्ये खुर्चीत बसून आणलेलं सँडविच खात होते. एक अधिकारी म्हणाला, “माद्मुआझेल, पंप जळलाय बहुधा. खेड्यात हे असंच होतं.” मी पुन्हा पंपात डोकं घातलं, आणि जे मला ओळखतात त्यांना कळेल की माझी काय अवस्था झाली असेल. बा आंब्याखाली बसला होता. एकदा त्याने उसवाल्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान मला बघवेना.

तेव्हा मी जे नऊ वाजता करायला हवं होतं ते केलं. दाब सोडून प्रवाह मोजला. काटा शून्याला चिकटलेला. दाब आहे आणि प्रवाह नाही, म्हणजे वाटेत कुणीतरी अडवलंय. मी शिडी मागवली.

पत्र्यावर चढून बघते तर खालच्या कोपऱ्यातल्या एका चकतीवर शेंदूर. तेलात कालवलेला, जाड, काठोकाठ, चकतीच्या गोलाईबाहेर थेंबभर न गेलेला, आणि वर सुकलेलं झेंडूचं फूल. इतकं नेटकं काम गावात एकच बाई करते.

“आये,” मी वरूनच विचारलं, “हे तू केलंस?”

“मंग? सगळी हत्यारं पुजायची आनी ह्याला सोडायचं?” ती खालून म्हणाली. “तूच म्हनालीस, पस्तीस हायेत की. म्हनून एकच घेतली, कोपऱ्यातली. बाकीच्यांना हात न्हाय लावला.”

माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते मी गिळलं. कारण तिचं काही चुकलं नव्हतं. तिने माझं बोलणं नीट ऐकलं होतं, त्यावर विचार केला होता आणि माझ्याच हिशोबाने सगळ्यांत कमी नुकसान होईल अशी चकती निवडली होती. चुकीचं मीच सांगितलं होतं. छत्तीस चकत्या टोळीसारख्या काम करत नाहीत. त्या एकीमागे एक जोडलेल्या असतात, एकीतून निघालेला प्रवाह दुसरीतूनच पुढे जातो, आणि आमची दोन पॅनेलंही तशीच एकामागे एक जोडलेली होती. एक अंधारात बसली की तिच्यातून काही पुढे सरकत नाही, आणि बाकीच्या उन्हात असून खोळंबतात. आता अशा चकतीला वळसा घालायची सोय पॅनेलांत केलेली असते. आमच्या त्या पॅनेलांत नव्हती. मी हे सगळं शिकले होते, त्यावर गुण मिळवले होते, आणि चपला पायात होत्या म्हणून आईला थाप मारून मोकळी झाले होते.

मी खाली उतरले आणि मिस्येंसमोर स्पष्ट सांगितलं की पंप ठीक आहे, पॅनेल ठीक आहे, चूक माझी आहे, आणि काय चूक तेही सांगितलं. मग आयेला सांगितलं. “ओढ्यापासून आंब्यापर्यंत बायका ओळीत उभ्या आहेत, हातोहात बादली देतायत असं समज. मधल्या एकीने हात बांधले तर?”

आयेने तोंडावर हात धरला. “मग पुडच्या सगळ्यांचे हात रिकामे.”

“पुसून टाका आणि सुरू करा,” मिस्ये म्हणाले.

पण गर्दीतल्या म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. शेंदूर फासला म्हणजे तो देव झाला, तो असा खरवडायचा नसतो. मी घड्याळाकडे बघत होते, बारा वाजून गेले होते. माझा संयम संपत आला होता, आणि मी शिडीकडे वळलेही होते. आयेने माझा हात धरला. “थांब. गनपतीला काय आपन जन्मभर घरात ठेवतो?” तिने घरातून अक्षता आणल्या, तेलाची वाटी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणला. तिच्या मागोमाग मी वर चढले. तिने चकतीवर अक्षता टाकल्या, हात जोडले, आणि गणपतीला निरोप देताना म्हणते तेच म्हणाली, की आता जा आणि पुढच्या वर्षी ये. मग तेलाने शेंदूर अलगद सोडवला, साबणाच्या पाण्याने काच धुतली, आणि तो लाल गोळा केळीच्या पानावर घेऊन ओढ्यात सोडून आली. खाली बायकांनी हात जोडले. दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी बटण दाबलं. पंप गुरगुरला, नळी थरथरली, आणि टाकीत पाणी पडू लागलं. मी तिथेच चिखलात बसले.

तीन वाजता टाकी अर्धीच्या थोडी वर आली होती. नियम म्हणजे नियम. मिस्येंनी कागद काढला. ते मला म्हणाले, आणि ते रागाने म्हणत नव्हते, “भरण्याचा वेग चांगला आहे, मला दिसतंय. पण मी ही महागडी वस्तू अशा ठिकाणी कशी ठेवू जिथे लोक तिला रंग लावतात?”

मी तोंड उघडणार एवढ्यात आये पुढे झाली. माझी आई शाळेत गेलेली नाही. ती क्रेओलमध्ये, बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, बोलली, सावकाश, एकेक शब्द ठेवत. उजेड आत शिरतो आणि काहीतरी उठवतो, म्हणाली. बांध त्याला एकाच बाजूला सोडतो. चकत्या हातोहात पुढे देतात, आणि एकीवर सावली आली की सगळं थांबतं. मग ती झाडाच्या सावलीबद्दल बोलली, पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल बोलली, साखर कारखान्याच्या काजळीबद्दल बोलली. “हे मी रोज सकाळी पुसणार,” ती म्हणाली. “तुमच्या हॉटेलात कोण पुसणार, आणि का पुसायचं ते त्याला कोण सांगणार?”

त्या दोन अधिकाऱ्यांतल्या एकाने विचारलं, बाई हे कुठे शिकल्या? आये म्हणाली, व्हरांड्यात. मला फार अभिमान वाटला. पदवीच्या दिवशीही मला तसं वाटलं नव्हतं. मिस्येंनी संच कुठे ठेवणार त्या ओळीत आमच्या गावाचं नाव लिहिलं. देखरेख कोणाची या ओळीत आयेचं नाव लिहिलं.

बा आंब्याखालून उठला. तो टाकीकडे गेला नाही, माझ्याकडेही आला नाही. तो सरळ शेजारच्या उसवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. घराबाहेरही शक्यतो मराठीच बोलायचा त्याचा हट्ट, पण त्या दिवशी तो क्रेओलमध्ये बोलला, मिस्येंना, अधिकाऱ्यांना, सगळ्या गावाला कळावं म्हणून. “ऊस नको,” तो म्हणाला. “या जमिनीला माझी मुलगी पाणी देते.”